ऑटो लाईटवालं टॉप मॉडेल घ्यावं का खालचं? समोरच्याला काय दिसतं ते बघून ठरवा

टॉप मॉडेल घ्यावं का त्याच्या खालचं, ह्यावर घराघरात किती दिवस काथ्याकूट चालतो ते सांगायला नको. शोरूममधला पोरगा तेवढ्यात यादी वाचतो, ऑटो हेडलॅम्प, हायबीम असिस्ट, कॉर्नरिंग लॅम्प, फॉलो मी होम, इमर्जन्सी स्टॉप सिग्नल, आणि प्रत्येकाला एकच पालुपद, सर तुम्हाला काहीच करायचं काम नाही, गाडी आपोआप करते. करते ना, पण समोरून येणाऱ्याला त्यातून काय कळतं हे कोणीच सांगत नाही. आपल्याकडं रात्रीच्या रस्त्यावर अर्धं बोलणं लाईटवर चालतं. समोरच्यानं डिपर मारला म्हणजे 'थांब, आधी मी येतो', मागून मारला म्हणजे 'साईड दे', दिवसाढवळ्या मारला म्हणजे 'पुढं पोलिस उभे आहेत', आणि ट्रकवाल्यानं उजवं इंडिकेटर लावलं तर तो खरंच वळायलाय का 'काढ गाडी पुढं' म्हणायलाय हे त्याचा वेग नि पुढचा रस्ता बघून ताडावं लागतं. आता ह्यात सेन्सर स्वतःच्या मनानं लाईट चालू-बंद करायला लागला की समोरचा त्याचा पण अर्थ लावणारच. त्यामुळं मी ही फीचरं त्याच मापानं मोजलीत, ड्रायव्हरला किती आराम ते दुय्यम.

सुरुवात ऑटो हेडलॅम्पपासून, कारण हे आता मधल्या मॉडेलातसुद्धा मिळतं. आरशामागं काचेला नाहीतर डॅशबोर्डवर काचेजवळ एक बारका सेन्सर असतो, तो उजेड मोजतो नि अंधारलं की हेडलाईट लावतो. हाताच्या स्विचपेक्षा हे नक्कीच बरं, आणि त्याचं कारण नव्या गाड्यांतच आहे. पूर्वी लाईट लावल्याशिवाय मीटरच दिसायचं नाही, म्हणून माणूस लावायचाच. आता डिजिटल मीटर कायम झगमगत असतं, पुढं डीआरएल, म्हणजे दिवसा आपोआप जळणारी पुढची लाईट, पांढरीफेक जळत असते, गावातल्या उजेडात वाटतं लाईट चालूच आहे, आणि बऱ्याच गाड्यांत डीआरएल फक्त पुढंच असते, मागचा लाल लाईट तिच्यासोबत लागतच नाही. म्हणजे पुढून गाडी नटलेली आणि मागून बघणाऱ्याला काळ्या डांबरावर काळी गाडी. कॅनडात ह्यासाठी सप्टेंबर २०२१ पासून नव्या गाड्यांना नियमच लावला, एकतर डीआरएलसोबत मागचे लाईट लागले पाहिजेत, नाहीतर अंधारात सगळे आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर मीटर तरी अंधारात राहिलं पाहिजे म्हणजे ड्रायव्हरचं लक्ष जाईल. त्यामुळं खालच्या मॉडेलात डीआरएल आहे पण ऑटो लाईट नाही, असं जोडकाम असेल तर दोन्ही असलेली, दोन्ही नसलेली नि ही, ह्या तिन्ही प्रकारांत मी त्याला सगळ्यात वाईट धरतो. एकतर दोन्ही घ्या, नाहीतर सरळ दोन्ही नसलेली गाडी घ्या, निदान हात तरी स्विचकडं जातो.

पण ऑटोवर टाकून निर्धास्त होऊ नका. ऑटोला अंधार कळतो, धुकं नाही कळत. हिवाळ्यात पहाटे पैठण, गंगाखेड, नांदेडकडं गोदाकाठी जे पांढरं धुकं पडतं ना, ते सेन्सरला भरपूर उजेडच वाटतं, तो म्हणतो दिवस आहे, आणि तुम्ही नुसत्या डीआरएलवर चाललेले, मागं काहीच नाही. तिथं स्विच हातानंच फिरवावा लागतो. पावसाचं पण तसंच, काही गाड्यांत वायपर जोरात चालला की लाईट लागते, काहींत नाही, हे शोरूममध्ये विचारून घ्या. उलटा प्रकार पण होतो, दौलताबाद-खुलताबादच्या रस्त्याला जुन्या वडांच्या सावलीत गाडी शिरली की भर दुपारी लाईट लागते, बाहेर आली की विझते, पुढचा मोटरसायकलवाला आरशात बघतो आणि त्याला वाटतं मागचा साईड मागायलाय, तो बिचारा मातीत उतरतो.

आणि एक, सेन्सर डॅशबोर्डवर असेल तर तो काळ्या बटणाएवढा असतो, काचेच्या बुडाशी. आपल्याकडं डॅशबोर्डवर हिरवी गवताची चटई, गणपती, तुळजाभवानीचा फोटो हे गाडी घरी यायच्या आत लागलेलं असतं. चटई त्या बटणावरून गेली की गाडीच्या लेखी कायम अमावास्या, दिवसभर हेडलाईट चालू. देव ठेवा, पण बोटभर सरकवून. आरशामागं कॅमेरा असेल तर फास्टॅग चिकटवणाऱ्याला पण आधीच सांगा, तो पोरगा घाईत बरोबर काचेच्या मध्यातच हाणतो.

आता खरा वादाचा विषय, हायबीम असिस्ट, म्हणजे अप्पर लाईट आपोआप वर-खाली करणारं. क्रेटा, सेल्टॉस, होंडा सिटी, हॅरियर, एक्सयूव्ही ७००, ज्यात ज्यात अडास, म्हणजे कॅमेरा-रडारवर ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, आहे त्यांच्या वरच्या मॉडेलांत हे येतं, आणि व्हेन्यू, सोनेट अशा छोट्या गाड्यांत पण आलंय. काम सोपं आहे, काचेमागचा कॅमेरा समोरचे हेडलाईट नि पुढच्या गाडीचे टेल लाईट शोधतो, दिसले की लाईट खाली, नाही दिसले की वर. त्याच्यासमोर हाताचा डिपर म्हणजे आपला दांडा, बोटानं ओढायचा नि ढकलायचा. कागदावर कॅमेरा जिंकतो, कारण खरं सांगायचं तर आपल्याकडं निम्मे लोक अप्परवरून खाली येतच नाहीत, ट्रकच्या मागं 'यूज डिपर अॅट नाईट' रंगवलेलं असतं आणि त्याच ट्रकच्या मागं हायबीम लावून आपण ते वाचत चाललेलो असतो.

मग अडतं कुठं? कॅमेरा लाईट शोधतो, माणूस शोधत नाही. गळीत हंगाम सुरू झाला की बीड, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर रात्रभर ऊस चालतो, ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं लाईट नसते, असलाच तर चिखलानं भरलेला रिफ्लेक्टर, टायरगाड्या वेगळ्याच, त्यावर बैलांच्या मागं पांघरूण घेऊन बसलेला माणूस. कॅमेऱ्याच्या हिशोबानं समोर काहीच नाही, तो हायबीम तसाच ठेवतो आणि समोरून येणाऱ्या टायरगाडीच्या बैलांच्या डोळ्यात तो सगळा एलईडी जातो. नवरात्रात, कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारे लोक, आषाढीच्या दिंड्या, पहाटे चालायला निघालेली म्हातारी माणसं, सायकलवाले, ह्यांच्याबाबतीत तेच. हातानं डिपर मारणारा चांगला ड्रायव्हर पायी चालणाऱ्यासाठी लाईट खाली करतो, कॅमेऱ्याला ती रीत माहीत नाही.

दुसरी भानगड चढ-उताराची. मांजरसुंब्याच्या बाजूला, बालाघाटाच्या रांगेत रस्ता वर-खाली होतो, समोरची गाडी टेकाडामागं गेली की कॅमेरा म्हणतो रस्ता मोकळा, लाईट वर, गाडी परत दिसली की खाली. समोरच्याला हे हुबेहूब डिपर मारल्यासारखं दिसतं, आणि तो जर ओव्हरटेकच्या बेतात असेल तर एक जण समजतो 'थांब म्हणतोय', दुसरा समजतो 'ये म्हणतोय'. नवीन रस्त्यावरचे मोठे चकाकणारे बोर्ड पण कॅमेऱ्याला कधीकधी गाडी वाटतात, मग रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाईट वर-खाली. आणि डिव्हायडरमध्ये कण्हेर वाढलेली असेल तर ट्रकचे हेडलाईट झाडामागं लपतात, कॅमेऱ्याला दिसत नाहीत, पण ट्रकवाला वर केबिनमध्ये बसलेला असतो, त्याच्या डोळ्यावर आपली पूर्ण लाईट. तो मग वैतागून त्याची सगळी बत्ती पेटवतो, आणि आपण म्हणतो काय माजलेत हे लोक.

मग हे फीचर टाकाऊ का? तर नाही, रस्ता कोणता त्यावर आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकी, रिक्षा, बैलगाडी ह्यांना बंदीच आहे, तिथं कॅमेऱ्याला जे शोधायला शिकवलंय तेच समोर असतं, म्हणजे चार चाकं नि चालू लाईट. जालना किंवा संभाजीनगरवरून रात्री नागपूरकडं जाणं-येणं असेल तर तिथं मी हायबीम असिस्टला हाताच्या दांड्यापेक्षा वर ठेवीन, १२० च्या लिमिटवर अंधारात लांबचं दिसणं ही चैन नाही. समृद्धीवरून खाली उतरलात आणि अंबाजोगाई-परळीकडं नाहीतर घरच्या शिवारातल्या रस्त्याला लागलात की बंद. म्हणून गाडी निवडताना बघायचं ते हे, की असिस्ट दांड्यावरच्या एका झटक्यात बंद होतं का टचस्क्रीनच्या पोटात तीन मेनू खाली जाऊन शोधावं लागतं, आणि एकदा बंद केलं की गाडी पुन्हा चालू केल्यावर बंदच राहतं का परत आपोआप चालू होऊन बसतं. मीटरवर हिरवं चिन्ह, त्यात ए अक्षर, ते असिस्टचं. निळं चिन्ह म्हणजे खरोखर हायबीम चालू. ही दोन चिन्हं घरातल्या सगळ्या चालवणाऱ्यांना दाखवून ठेवा.

ऑडी-मर्सिडीजमधली मॅट्रिक्स लाईट ही वेगळी जात, तिथं लाईट वर-खाली होत नाही, समोरच्या गाडीपुरताच तुकडा काळा करतात, त्यामुळं डिपर मारल्याचा भास बराच कमी. अमेरिकेत सुद्धा ह्याला परवानगी मिळायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. पण पायी चालणाऱ्याचा प्रश्न तिथंही पूर्ण सुटत नाही, आणि ज्यांना ती गाडी घ्यायची ते माझं ऐकून घेणार नाहीत.

ब्रेक लाईटवाल्या फीचरांत मात्र मी ऑटोच्या बाजूनं आहे, थोडं हातचं राखून. इमर्जन्सी स्टॉप सिग्नल म्हणजे ५० च्या वर वेग असताना करकचून ब्रेक मारला की मागं लाईट भराभर उघडझाप करते. ह्यात दोन तऱ्हा आहेत, काही गाड्यांत ब्रेक लाईटच उघडझाप करतात, काहींत चारी इंडिकेटर. ब्रेक लाईटवाली तऱ्हा चांगली, कारण लाल लाईट तडतडली तर कोणाचाही पाय ब्रेकवर जातो. चारी इंडिकेटरचं आपल्याकडं वाट्टोळं झालंय राव, चौकात सरळ जायचं असलं तरी लावतात, पावसात लावतात, धुक्यात लावतात, वरातीत लावतात, रस्त्यात उभं राहून पान खायचं असलं तरी लावतात. मागच्याला त्यातून 'ही गाडी आत्ता थांबायलीय' हे कळेपर्यंत तो डिकीत आलेला असतो. तरी नसण्यापेक्षा असलेलं बरं.

इलेक्ट्रिक गाडी घेणार असाल तर रिजनरेशन हा एक प्रकार आहे, अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मोटरच गाडी आवरते. युनोच्या ब्रेकच्या नियमांत ह्याची हद्द दिलीय, दर सेकंदाला वेग १.३ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त घटायला लागला की ब्रेक लाईट लागलीच पाहिजे, ०.७ पर्यंत लागता कामा नये, मधलं कंपनीच्या मर्जीवर. नेक्सॉन ईव्हीत रिजनची ० ते ३ अशी लेव्हल बदलता येते. जास्त लेव्हलवर गावातल्या ट्रॅफिकमध्ये पाय थोडा वर-खाली झाला की मागं लाल लाईट लुकलुकत राहते, मागचा आधी दचकतो आणि मग लक्ष द्यायचंच सोडून देतो. गावात कमी लेव्हल ठेवा, घाटात उतरताना वाढवा. ऑटो होल्डचं, म्हणजे थांबल्यावर पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणाऱ्या सोयीचं, एवढंच, रेल्वे गेटवर पाच-दहा मिनिटं उभं राहायचं असेल तर ते सोडून हँडब्रेक लावा, मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर तुमचे तीन ब्रेक लाईट जळत असतात.

कॉर्नरिंग लॅम्प, म्हणजे स्टिअरिंग वळवलं की त्या बाजूचा एकच फॉग लॅम्प लागतो. वाड्या-वस्त्यांच्या वळणाला कामाचा आहे, खड्डा-नाली दिसते. समोरच्याला क्षणभर गाडी काणी वाटते, पण वेग कमी असतो, चालतं. फॉलो मी होममध्ये गाडी लॉक केल्यावरही लाईट थोडा वेळ जळते आणि मोंढ्यात पार्किंग शोधणारा माणूस तुमची जागा रिकामी होईल म्हणून हॉर्न वाजवत उभा राहतो, त्याला हातवारे करायची तयारी ठेवा. बाकी ह्यासाठी पैसे मोजू नका, फुकट आलं तर बरं. नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून कायम चालू लाईट सक्तीची झाली तेव्हा आठवतं का, समोरून येणारा प्रत्येक जण पंजा उघड-मिट करून 'लाईट चालू आहे' सांगायचा, अजूनही कोणीतरी सांगतोच. लोक शिकतात, पण वेळ लागतो.

यादीत नसलेली एक गोष्ट मी वरच्या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची धरतो, हेडलाईटची उंची. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं बारकं चाक असतं, मागं चार माणसं नि डिकीत ज्वारीचं पोतं टाकलं की गाडीचं नाक वर होतं, लो बीम सुद्धा समोरच्याच्या डोळ्यात जातो, आणि तो तुम्हाला डिपर मारत राहतो नि तुम्ही म्हणता माझी तर लाईट खालीच आहे. चाक १-२ वर फिरवा, लाईट खाली येते. ऑटो हेडलॅम्प आहे म्हणजे उंची पण ऑटो असेल असं समजू नका, दोन्ही वेगळं आहे, काही महागड्या गाड्यांतच ती आपोआप जुळते.

तर माझं मत असं, गावात नि आसपासच फिरणं असेल तर मधलं मॉडेल घ्या, ऑटो हेडलॅम्प नि स्टॉप सिग्नल असलेलं, हायबीम असिस्टसाठी वरचे पैसे घालू नका. महिन्यातून बऱ्याचदा रात्रीचं समृद्धीवर जाणं असेल तरच वरचं. बुक करायच्या आधी संध्याकाळी सातनंतरची टेस्ट ड्राईव्ह मागा, मित्राला मोटरसायकलवर समोरून यायला सांगा, मग मागं उभं करा, त्याला काय दिसलं ते विचारा, आणि डीआरएलवर असताना मागचा लाल लाईट लागतो का ते स्वतः उतरून बघा. शोरूमवाले सातनंतर गाडी द्यायला कुरकुर करतात, पण टोकनचे पैसे अजून तुमच्याच खिशात असले की देतात.