ऑर्डरप्रमाणे बनवून घेतलेला रेडिएटर

जनरेटरच्या डिझेल इंजिनासाठी रेडिएटर बनवून घेतला आणि काम मनासारखं झालं. बनवणाऱ्यांनी नुसती किलोवॅटची पाटी बघून माप दिलं नाही. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, किती उष्णता जाते आणि पंपाचा प्रवाह किती, हे डेटाशीटमधले आकडे आधी मागितले. बरोबरच आहे, इंधनातली साधारण 25 ते 30 टक्के उष्णता तिथूनच बाहेर काढावी लागते. कूलंटच्या पाण्यात ग्लायकॉल (गोठणं रोखणारं रसायन) 50 टक्के असणार म्हटल्यावर कोअर, म्हणजे रेडिएटरचा नळ्यांचा मुख्य भाग, थोडा वाढवला. असं मिश्रण नुसत्या पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं.

मला सगळ्यात आवडलं ते फिन्सचं, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांचं काम. जागा धुळीची, म्हणून दाट फिन्स टाळून विरळ घेतल्या आणि कोअर जाड न करता रुंद केला. अडकलेला कचरा उलट बाजूने हवा मारली की निघतो. मागे बॅटरी धरली तर उजेड आरपार दिसतो. भर उन्हात, पूर्ण लोडवरही तापमानाचा काटा हलत नाही.

तक्रार एकच. ड्रेन कॉक (कूलंट काढून टाकायची तोटी) फ्रेमच्या आड आलाय, पाना नीट बसत नाही. ऑर्डर देताना त्याची जागा ड्रॉइंगवर नक्की करून घ्या.