डझनाच्या मुळाशी नेणारा कोश

आंब्याच्या दिवसांत हापूसची पेटी उघडली की आमच्या घरी मोजदाद डझनानेच होते. यंदा दोन-दोन फळे सहा वेळा टोपलीत ठेवून झाल्यावर नातीने विचारले, "आजी, बाराला डझन का म्हणायचं गं?" उत्तर शोधताना मी 'ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी' उघडली. डग्लस हार्पर यांनी उभारलेला इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा हा कोश संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि शब्दांची गोडी असलेल्या प्रत्येक मराठी वाचकाने तो वापरावा, असे मी मनापासून सांगेन.

डझन हा शब्द इंग्रजीत सुमारे १३०० साली जुन्या फ्रेंचमधून आला. त्यामागे बारा या अर्थाचा फ्रेंच शब्द आहे आणि त्याच्याही मागे लॅटिन 'दुओदेकिम', म्हणजे 'दुओ' आणि 'देकेम', दोन आणि दहा. हे वाचून मी थबकलेच, कारण आपल्या 'द्वादश'ची बांधणी हुबेहूब हीच आहे आणि त्या द्वादशाचाच प्राकृतातून झिजत आलेला 'बारा' आपण रोज उच्चारतो. डझन आणि बारा एकाच घराण्यातले निघाले! नातीने चारही शब्द वहीत एकाखाली एक लिहून काढले.

'दहा'च्या मूळ धातूचे पान तर तासभर वाचत बसावे असे आहे. रोमन पंचांगातला एके काळचा दहावा महिना म्हणून डिसेंबर आणि मुळात दहा जणांचा प्रमुख म्हणून महाविद्यालयातला डीन, असे दोघेही तिथे भेटतात. इंग्रजीचा स्वतःचा 'ट्वेल्व्ह' मात्र 'दहा मोजून दोन उरले' असे सांगतो. आपण एकोणीस म्हणताना विसातून एक उणा करतो, त्याची इथे हटकून आठवण होते.

नोंदीतले साल हे शब्दाच्या जन्माचे नसून तो लिखाणात प्रथम सापडल्याचे असते, एवढे ध्यानात ठेवावे. संस्कृत शब्द रोमन लिपीत असल्याने 'दश'चा 'दस' वाचला जाऊ शकतो. प्राकृतातून मराठीत येण्याची वाट दाखवणे हे या कोशाचे काम नाही; त्यासाठी कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' शेजारी उघडा ठेवावा.