फिस्टुलाची सुई: पाकिटावरचा आकडा आणि हातावरची नस

आठवड्याला तीन डायलिसिस, दर वेळी दोन सुया, म्हणजे वर्षाला ३१२ टोचण्या. १९६० मध्ये आलेल्या, अमेरिकी डॉक्टर स्क्रिब्नरच्या शंटला सुई लागतच नव्हती. टेफ्लॉनच्या नळ्या चोवीस तास हाताबाहेर लोंबायच्या आणि गुठळ्या, जंतुसंसर्ग त्यांच्या पाचवीला पुजलेले असायचे. १९६६ मध्ये ब्रेशिया, चिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटाजवळची धमनी शिरेला जोडायची पद्धत प्रसिद्ध केली. हा जोड आणि त्याने फुगलेली नस म्हणजे फिस्टुला. नळ्या गेल्या, सुया आल्या. या सुयांबद्दल बहुतेक जण एकच विचारतात: दुखते का? त्याचा इलाज क्रीमजवळ आहे, पुढे येईलच. सुई पारखायची ती आकडा, भोक, लांबी आणि पंख (सुईच्या दोन बाजूंची प्लास्टिकची पाती) यांवरून.

आधी आकडा, म्हणजे गेज. तो वाढला की सुई बारीक होते, हे उलटं गणित पहिल्यांदा सगळ्यांनाच गोंधळात टाकतं. १७ गेज बाहेरून साधारण दीड मि.मी. जाड, १५ गेज साधारण १.८ मि.मी. फरक नखाएवढाही नाही, पण नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो, त्यामुळे केसभर रुंदीने बराच फरक पडतो. ढोबळ हिशेब असा: मशिनचा रक्त ओढणारा पंप मिनिटाला ३०० मि.लि.च्या आत असेल तर १७, ३०० ते ३५० ला १६, ३५० ते ४५० ला १५ आणि त्याच्या वर १४. पंखांचा रंग बहुधा १७ ला नारिंगी, १६ ला हिरवा, १५ ला पिवळा आणि १४ ला जांभळा असतो. तरी रंगावर विसंबू नका, पाकिटावरचा आकडा वाचा.

बारीक सुईवर पंप जोरात चालवला की काय होतं? मशिनवर ३५० दिसतं, पण आर्टरी बाजूचं, म्हणजे हातातून रक्त ओढणाऱ्या सुईचं, प्रेशर उणे २५० (मि.मी. पारा) च्या खाली जातं, पंपातली नळी पुरती भरत नाही आणि प्रत्यक्षात रक्त त्याहून कमी फिरतं. डायलिसिस चार तास झालं तरी सफाई साडेतीन तासांचीच होते, आणि ओढाताणीत लाल पेशी फुटतात त्या वेगळ्याच. उणे २०० पर्यंत ठीक, उणे २५० ही शेवटची रेघ. म्हणून नव्या फिस्टुलाला पहिल्या काही वेळा १७ गेज आणि २०० ते २५० चा पंप, हे शहाणपणाचं. मात्र नस तयार झाल्यावरही वर्षभर १७ वरच अडून राहणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत रक्ततपासणीच्या आकड्यांत मोजावी लागते.

एकाच गेजच्या दोन कंपन्यांच्या सुया सारख्या असतात असं मात्र धरून चालू नका. बाहेरची जाडी तीच, पण भिंत पातळ असेल तर आतली वाट रुंद. पाकिटावर ‘थिन वॉल’ किंवा ‘अल्ट्रा थिन वॉल’ लिहिलेली सुई त्याच पंपावर कमी प्रेशर दाखवते. सेंटरने सुयांची कंपनी बदलली आणि त्याच दिवसापासून प्रेशरचे आकडे हलले, तर नसेबद्दल घाबरण्याआधी जुनं पाकीट नव्याशेजारी ठेवून पाहा.

आता भोक. चांगल्या आर्टरी सुईला तिरक्या टोकाच्या मागे, खालच्या अंगाला, एक लांबट भोक असतं. त्याला बॅक आय म्हणतात. पंप रक्त ओढतो तेव्हा सुईचं तोंड नसेच्या भिंतीला चिकटू शकतं, मग मागच्या भोकातून रक्त येत राहतं. हे भोक असलं की सुई आत घालून १८० अंश फिरवायची जुनी खोड सोडता येते, आणि सोडावीच. फिरवताना धारदार टोक आतून भिंत खरवडतं, टोचलेलं भोकही मोठं होतं, मग सुईच्या कडेने रक्त झिरपत राहतं. आर्टरी बाजूला बॅक आय नसलेली सुई घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत. व्हेन बाजूला, म्हणजे रक्त परत सोडणाऱ्या सुईला, बॅक आय नसली तरी चालते. असली तर एवढंच पाहायचं की सुई पुरेशी आत गेली आहे. टोक नसेत आणि मागचं भोक बाहेर मांसात राहिलं, तर परतीचं रक्त तिथेच साठून हात फुगतो.

लांबी बहुधा २५ मि.मी., आणि बऱ्याच हातांना ती पुरते. नस कातडीखाली ६ मि.मी.पेक्षा खोल असेल तर ३२ मि.मी.ची सुई मागावी. उलट उथळ, वळणावळणाच्या नसेत लांब सुई घातली की टोक मागच्या भिंतीवर जाऊन बसतं. फिस्टुलाला साधारण २५ अंशांचा कोन आणि कृत्रिम ग्राफ्टला (धमनी आणि शिरेमध्ये बसवलेल्या नळीला) ४५. रक्ताची पहिली झलक नळीत दिसली की कोन खाली पाडून सुई सरळ पुढे सरकवायची. इथे घाई केली की सुई नस ओलांडून पलीकडे निघते.

पंखांवरून सुईची खरी किंमत कळते. पंख चिमटीत दुमडून पकडले की ते घसरता कामा नयेत, ओल्या ग्लोव्हजमध्येही. एका पंखावर ठिपका किंवा खूण असते, ती सुईचं तिरकं तोंड कुठल्या बाजूला आहे ते सांगते. टेप लावल्यानंतर तोंड दिसत नाही, तेव्हा हीच खूण कामी येते. काही सुयांना काढताना टोक झाकणारं सुरक्षा कवच असतं. टेक्निशियनच्या बोटाला सुई लागू नये म्हणून ते उत्तम आहे. फक्त ते सुई ज्या कोनात गेली त्याच कोनात सरळ ओढावं लागतं आणि ‘टक्’ आवाज ऐकू यावा लागतो. अर्धवट सरकलेलं कवच हातावर ओरखडा काढतं.

बटनहोलच्या बोथट सुया हा वेगळाच माल. दर वेळी नेमक्या त्याच भोकातून, त्याच कोनात, त्याच खोलीवर सुई घालायची. कान टोचल्यासारखी वाट तयार होते आणि मग धार नसलेली सुईही आत जाते. वाट तयार व्हायला साधारण ८ ते १० वेळा धारदार सुई लागते, आणि त्या सगळ्या वेळा शक्यतो एकाच माणसाने टोचायचं. दोन हातांचे दोन कोन झाले की आत दोन वाटा फुटतात आणि बोथट सुई मध्येच अडते. घरी स्वतः टोचणाऱ्यांना आणि टोचायला जागा कमी असलेल्यांना ही पद्धत सोयीची. पण खपलीखाली जंतू राहतात आणि स्टॅफिलोकॉकस हा जंतू थेट रक्तात उतरण्याचा धोका साध्या पद्धतीपेक्षा जास्त. २०१९ च्या केडीओक्यूआय या मूत्रपिंड-उपचारांच्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनाही बटनहोल खास परिस्थितीपुरतंच ठेवायला सांगतात. खपली भिजवून पुरती काढायची, काढायच्या आधी आणि नंतर अशी दोनदा जंतुनाशकाने पुसायची, आणि खपली काढायला टोचायची तीच सुई कधीच वापरायची नाही. एवढी शिस्त जमणार नसेल तर या सुया घेऊ नका.

प्लास्टिकच्या कॅन्युला हात हलवणाऱ्यांसाठी आणि धातूची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी. आतली धातूची सुई काढून घेतली की मऊ नळी नसेत उरते. घालायला मात्र सराव लागतो.

बाकी सगळ्यांसाठी शिडीची पद्धत: दर वेळी आधीच्या जागेपासून थोडं पुढे सरकत पूर्ण लांबी वापरायची. एकाच दोन बोटांच्या जागेत टोचत राहिलं की तिथली भिंत सैल पडून फुगा येतो आणि फुग्याच्या दोन्ही टोकांना नस अरुंद होते. ‘तिथे दुखत नाही’ म्हणून तीच जागा मागणारे बरेच असतात, आणि तिथे दुखत नाही कारण कातडी मरत चाललेली असते. आर्टरी सुई धमनी-शिरेच्या जोडापासून निदान ४ से.मी. दूर, दोन सुयांच्या टोकांत सुमारे ५ से.मी. अंतर, व्हेन सुईचं तोंड नेहमी हृदयाकडे. अंतर कमी पडलं तर धुतलेलं रक्तच पुन्हा आत ओढलं जातं.

सुन्न करणारं क्रीम, म्हणजे लिडोकेन २.५ टक्के आणि प्रिलोकेन २.५ टक्के यांचं मिश्रण, काम करतं. पण बहुतेक जण ते दहा मिनिटं आधी चोळतात आणि मग ‘उपयोग नाही’ म्हणतात. जाड थर लावून वर प्लास्टिकची पट्टी चिकटवायची आणि किमान एक तास ठेवायचं. चोळायचं नाही. नंतर साबण-पाण्याने पूर्ण धुवायचं, कारण चिकट थरावर जंतुनाशक बसत नाही आणि टेपही सुटते. जंतुनाशक क्लोरहेक्सिडिन असेल तर ३० सेकंद घासून हवेत वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही.

टेप ही सुईइतकीच महत्त्वाची, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. एक पट्टी नळीखालून घेऊन पंखांवर उलट्या ‘व्ही’सारखी ओलांडायची, दुसरी पंखांवर आडवी, तिसऱ्या पट्टीने नळीचा सैल वळसा हाताला बांधायचा. नळी अंथरुणाला किंवा खुर्चीला चिकटवली की कूस बदलताना सुई उपसते. व्हेन सुई निघाली तर मशिनचा प्रेशर अलार्म वाजेलच असं नाही, कारण सुईचा स्वतःचा अडथळाच प्रेशर धरून ठेवतो. ३०० च्या पंपावर पाच मिनिटांत दीड लिटर रक्त बाहेर पडतं. थंडी वाजली तरी सुयांवर पांघरूण नको, बाकी अंगावर दोन घ्या.

आता सुईच्या नावाने केल्या जाणाऱ्या तक्रारी. ‘ही सुई रक्त ओढत नाही’, ‘या सुईने प्रेशर वाढतं’, ‘या सुयांनी रक्त थांबत नाही’: तिन्हींत सुई क्वचितच दोषी असते. तोच गेज, तोच पंप आणि तरीही व्हेन प्रेशर सलग तीन-चार वेळा चढत गेलं, सुई काढल्यावर वीस मिनिटांहून जास्त रक्त वाहिलं, तर पुढे कुठेतरी नस अरुंद झाली आहे असं समजा. हात पाहा. निरोगी फिस्टुलावर बोट ठेवलं की मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर लागते. ती जाऊन ठोके उडू लागले असतील, स्टेथोस्कोपमध्ये सलग घुमणाऱ्या आवाजाऐवजी शिट्टी येत असेल, हात डोक्यावर उचलूनही नस फुगलेलीच राहत असेल, तर पुढे अडलं आहे. आर्टरी सुई ओढत नसेल आणि नसच मऊ, रिकामी लागत असेल, तर अडचण जोडाकडे. थरथर पूर्ण गेली असेल तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता त्याच दिवशी सेंटरला कळवा.

सुई काढताना ती पूर्ण बाहेर आल्यावरच दाबायचं. आत असताना दाबली की टोक भिंत कापत निघतं. दोन बोटं ठेवायची, कारण भोकं दोन असतात: कातडीवरचं एक आणि त्याच्या जरा पुढे, सुईच्या दिशेने, नसेवरचं दुसरं. दहा मिनिटं उचलून न बघता धरायचं. प्लास्टिकचे क्लँप हाताला विश्रांती देतात, पण लावल्यावर क्लँपच्या वर आणि खाली दोन्हीकडे थरथर लागली पाहिजे. नसेल लागत तर सैल करा, आणि वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका. एका वेळी एकच क्लँप, दोन्ही सुयांवर एकदम कधीच नाही. हात फुगलाच तर पहिल्या चोवीस तासांत कापडात गुंडाळलेला बर्फ, त्यानंतर कोमट शेक, आणि सूज उतरेपर्यंत त्या जागेवर सुई नको.