जळगावात शिवून घेतलेली ९९ नंबरची आइस हॉकी जर्सी, दुकानाचा रिव्ह्यू

क्रिकेट-कबड्डीच्या टीम जर्स्या खानदेशात कुठेही शिवून मिळतात, पण आइस हॉकीची जर्सी समजून घेऊन शिवणारं दुकान जळगावात आहे हे माहीतच नव्हतं, म्हणून मुद्दाम लिहितोय. फुले मार्केटच्या मागच्या बाजूला आहे, जिना चढून वर, बोर्ड पटकन दिसत नाही, खाली कोणालाही विचारा.

जर्सी भाच्याला पाहिजे होती. तो चाकाच्या स्केट्सवर सिमेंटच्या रिंकवर हॉकी खेळतो आणि कॅनडाचा आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झकी म्हणजे त्याचा जीव की प्राण. दुकानातल्या भाऊंनी ऑर्डर लिहितानाच विचारलं, ९९ कशाला रे भो, क्रिकेटवाले तर या आकड्याला घाबरतात. मग भाच्यानेच सांगितलं. ग्रेट्झकीला खरं तर ९ पाहिजे होता, त्याचा लाडका जुना खेळाडू गॉर्डी हाऊचा नंबर, पण १९७७ ला कॅनडातल्या सू सेंट मरीच्या ज्युनियर टीममध्ये तो आधीच दुसऱ्या पोराकडे होता, मग कोच म्हणाला दोन ९ घे. पुढे ग्रेट्झकी रिटायर झाल्यावर एनएचएलने, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या आइस हॉकी लीगने, सगळ्याच टीमसाठी ९९ बंद करून टाकला, आता कोणालाच मिळत नाही. भाऊंनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं, मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती तरी घाई केली नाही, मला हे फार आवडलं.

रंगावरून थोडी चर्चा झाली. ग्रेट्झकीच्या नंतरच्या टीमचा, लॉस एंजेलिस किंग्जचा काळा-चंदेरी भाऊंना सोपा वाटत होता, कापड तयार होतं. पण पोरगं हटलं नाही, एडमंटन ऑइलर्सचाच निळा-केशरी पाहिजे, कारण ग्रेट्झकीचे चारही स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलच्या विजेत्याचा कप, तिथलेच, १९८४, ८५, ८७ आणि ८८. चौथा कप जिंकून तीन महिने होत नाहीत तोच त्याला लॉस एंजेलिसला देऊन टाकलं, प्रेस कॉन्फरन्समध्ये रडला होता बिचारा. केशरी कापड भाऊंनी बाहेरून मागवलं, त्याचे जास्तीचे पैसे घेतले नाहीत. क्लबचा लोगो मात्र छापत नाही असं सरळ सांगितलं, छातीवर फक्त कॅप्टनचा सी लावून दिला.

आता खरी गोष्ट शिवणाऱ्या चाचांची. आइस हॉकीची जर्सी सैल लागते कारण आत खांद्याचे पॅड असतात, त्यांनी माप पॅड घालूनच घेतलं. मग भाच्याने हट्ट धरला की उजवी बाजू पँटमध्ये खोचलेली राहिली पाहिजे, ग्रेट्झकीसारखी. ग्रेट्झकी सहा वर्षांचा असताना दहा वर्षांच्या पोरांत खेळायचा, जर्सी एवढी मोठी व्हायची की स्टिकमध्ये अडकायची, मग त्याचे वडील वॉल्टर उजवी बाजू खोचून द्यायचे. हे तेच वडील ज्यांनी ब्रँटफर्डच्या घरामागे पाणी गोठवून रिंक केला होता. ती सवय शेवटपर्यंत राहिली, मोठेपणी तर चिकटपट्टी लावून खोचायचा. चाचा म्हणाले, बेटा, स्टिक घे आणि खेळतोस तसा उभा राहा. बघितलं आणि बोलले, तुझ्या दांड्याचं वरचं टोक डाव्या कमरेला येतंय, तुला पट्टी डावीकडे लागेल. बरोबर होतं! ग्रेट्झकी डावा शॉट मारायचा, म्हणजे दांड्यावर उजवा हात वर आणि टोक उजव्या कमरेला, आणि आमचं पोरगं नेमकं उलटं. आयुष्यात बर्फ न बघितलेल्या माणसाने एका नजरेत ओळखलं. डावीकडे आतून चिकटपट्टी, मागे पँटला अडकवायचा पट्टा, दोन्हीला डबल शिलाई, मी ओढून बघितलं, हलत नाही.

कापड डॉटनिट, हलकं. थंडगार रिंकवर जाड जर्सी चालते पण आपल्याकडे मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत पोरगं शिजून निघेल, म्हणून काखेत जाळी टाकून दिली, हे चाचांनी स्वतःहून केलं.

कमी काय, तर ९ च्या आतल्या गोलाची केशरी कड पहिल्या धुण्यातच सुटायला लागली. नेऊन दिल्यावर कडेने शिलाई मारून दिली, पैसे नाही घेतले, पण हे आधीच करायला पाहिजे होतं. आणि शाळांच्या स्पर्धांच्या दिवसांत डिलिव्हरी हमखास लांबते, तेव्हा आधीच ऑर्डर द्या.

माझ्या मते साडेसहाशेला ही जर्सी स्वस्तच आहे. भाचा अंगाने किरकोळ आहे, धक्काबुक्कीत मागे पडायचा, त्याला मी नेहमी सांगतो की ग्रेट्झकीपण हडकुळाच होता, नेटच्या मागे उभा राहून पास काढायचा आणि गोल आणि असिस्ट (गोल करणाऱ्याला दिलेला पास) मिळून झालेल्या २,८५७ पॉइंटपैकी १,९६३ नुसते असिस्ट आहेत, दुसऱ्या कोणाचे गोल आणि असिस्ट मिळूनसुद्धा तेवढे होत नाहीत. त्याचा ८९४ गोलचा रेकॉर्ड २०२५ मध्ये रशियाच्या ओव्हेचकिनने मोडला, पण असिस्टच्या जवळपास कोणी नाही. आता पोरगं पास द्यायला शिकतंय आणि जर्सी स्टिकमध्ये अडकत नाही.

जाताना पॅड आणि स्टिक सोबत न्या, जर्सी उलटी करून धुवा, नंबरवर इस्त्री फिरवू नका. क्लासच्या बाकी पोरांचीपण ऑर्डर देतोय, फक्त गोलकीपरच्या बाह्या किती रुंद ठेवायच्या ते चाचांशी अजून ठरायचंय.