शेंगाचटणीच्या धंद्याला कर्ज: फायनान्सचं की बचत गटाचं?

सोलापुरात विडी वळणं सोडून कडक भाकरी, शेंगाचटणी विकायची म्हटलं की आधी भांडवल हवं. फायनान्सवाले, म्हणजे बायकांच्या गटाला छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्या, विनातारण देतात, तेही लवकर. पण व्याज बहुधा वर्षाला २० टक्क्यांच्या वर, आणि भाकरी खपो न खपो, ठरल्या दिवशी कर्ज घेतलेल्या सगळ्याजणी हप्ता घेऊन गल्लीत हजर! रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमानुसार सगळे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. बायांनो, हे सहीआधी विचाराच.

बचत गटात वेळ जातो: बैठका, वही, किमान सहा महिन्यांची नियमित बचत, मग बँकेचं कर्ज. पण व्याज बरंच कमी, आणि घरात आजारपण आलं तर ऐकून घ्यायला आपल्याच बायका. माझं मत गटालाच. पहिलं पोतं शेंगदाणे तेवढे बचतीतून घ्या.