तोफ हलवत राहावी की खड्ड्यात दडवावी?

अपशिंगे मिलिटरीच्या आसपासच्या आमच्या पट्ट्यात घरटी एखादा तरी माणूस फौजेत आहे. सुट्टीवर आलेली पोरं संध्याकाळी पारावर बसली की हल्ली बोलणं फिरून ड्रोनवर येतं. माझी बावीस वर्षं तोफखान्यात गेली, शेवटची सहा नंबर वन, म्हणजे एका तोफेचा प्रमुख, म्हणून. पुतण्या आता त्याच जागेवर जाणार आहे. परवा त्यानं विचारलं, "काका, वर ड्रोन फिरत असताना ओढायची तोफ सारखी हलवायची, की एका खड्ड्यात दडवून बसायचं?" सरावात मी दोन्ही केलंय. त्याच्यासारख्या आणखी काहींना उपयोग होईल म्हणून इथे लिहितो.

ओढायची तोफ, म्हणजे गाडीमागे जोडून न्यायची, ती संपलीच असं म्हणणारेही आहेत. मार्च 2024 मध्ये अमेरिकेचे जनरल जेम्स रेनी यांनी जवळपास तसंच मत जाहीरपणे मांडलं. पण मार्च 2025 मध्ये आपण 307 'एटॅग्स' तोफांचा करार केला, आणि त्या ओढायच्याच आहेत. डोंगरात 'एम-777' आहेत, धनुष आहे, जुन्या बोफोर्स आहेत. पुतण्याच्या हातात यातलीच एखादी येणार. त्यामुळे गाडीवरची बरी की ओढायची, हा वाद त्याच्या कामाचा नाही. आहे ती कशी वाचवायची, एवढंच त्याच्यापुढे आहे.

आधी हलवण्याबद्दल. आम्हाला शिकवलं गेलं ते हेच: चार गोळे टाका आणि जागा सोडा. त्यामागचं कारण पक्कं होतं. शत्रूचं रडार हवेतला गोळा पकडतं आणि तो कुठून सुटला ते काढतं. आपलं 'स्वाती' हेच काम करतं. मग उलटा मारा त्या जागेवर येतो. तो पोचेपर्यंत तुम्ही निघून गेला असाल तर वाचलात. स्वीडनची 'आर्चर' थांबल्यापासून अर्ध्या मिनिटात पहिला गोळा टाकते आणि तितक्याच वेळात चालू पडते, कारण ती स्वतःच गाडी आहे. ओढायच्या तोफेला मागचे पाय मिटायचे असतात, त्या पायांच्या टोकाचे, जमिनीत रुतलेले स्पेड (फाळ) उपटायचे असतात, गाडी मागे घेऊन जोडायची असते. 'एम-777' सव्वाचार टनांच्या आत आहे, तिथे सरावलेली पोरं दोन-तीन मिनिटांत उरकतात. 'एटॅग्स' अठरा टनांची आहे. तिला स्वतःचं इंजिन आहे हे खरं, पण पावसातल्या काळ्या रानात स्पेड निघेनात की काय होतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक.

तरी तेही जमवता येतं. ड्रोन आल्यावर मूळ गणितच बदललं. रडार जागा सांगतं, ड्रोन तोफ बघतो. जागा सोडली की रडारचा हिशेब चुकतो, पण ड्रोन तुमच्या मागे येतो, आणि हलणारी गोष्ट त्याला थांबलेल्या गोष्टीपेक्षा लवकर दिसते. युक्रेनमध्ये रशियाचे 'लॅन्सेट', म्हणजे स्वतःच येऊन आदळणारे ड्रोन, तोफा शोधत पुष्कळ आत येऊ लागले. 2024 पासून केसाएवढ्या काचेच्या तारेवर चालणारे ड्रोन आले, त्यांच्यावर जॅमर चालत नाही. असे ड्रोन रस्त्याकडेला टपून बसतात आणि गाडी आली की उठतात. म्हणजे ज्या वाटेनं जीव वाचवायला निघायचं, तीच धोक्याची झाली.

माझा कौल मात्र यातल्या कशानं ठरला नाही. तो ठरला चाकोरीनं, म्हणजे चाकांनी मागे सोडलेल्या खुणांनी.

सर्व्हिसच्या शेवटी-शेवटी एका सरावात पंचांनी वर ड्रोन ठेवले होते. मी शिकवल्याप्रमाणे हलत राहिलो. दर वेळी जागा बदलली की चार पोरं बाभळीच्या फांद्या घेऊन मागे चालायची आणि चाकांच्या खुणा झाडत यायची. रात्रीचे दोन, पाठ मोडलेली, दीडशे-दोनशे मीटर झाडत जायचं. सगळं पुसलं तरी रस्ता सोडून रानात वळतो ती जागा राहायचीच. ओढलेली वस्तू वळणावर गाडीच्या चाकोरीतून चालत नाही, आतून कापते. उसाच्या जोडट्रॉल्या शेतातून रस्त्याला लागतात तिथे बघा: ट्रॅक्टरची चाकं बाहेरून, ट्रॉल्यांची आतून, एकात एक वळसे. वरून बघणाऱ्याला तेवढ्यावर कळतं की इथून नुसती गाडी गेली नाही, काहीतरी ओढून नेलंय. आम्ही दोनदा सापडलो, दोन्ही वेळा जाळीखालची तोफ दिसली नव्हती. पंचांनी दाखवलेल्या चित्रात वळणावरचे ते वळसे होते, आणि त्यांच्या टोकाला आम्ही.

तिसऱ्या वेळी साहेबांना विचारून एकदाच आत गेलो आणि चार दिवस बाभळीखाली एकाच खड्ड्यात राहिलो. गाडी किलोमीटरभर लांब ठेवली. तोफेपुढची जमीन पाणी मारून ओली ठेवली, म्हणजे बार झाल्यावर धुरळा उठत नाही. बार झाला की सगळे जमिनीखाली. चौथ्या दिवशी सापडलो, तेही एकानं फांदीवर टॉवेल वाळत घातला म्हणून. एका सरावावरून नियम करू नये, हे मान्य. पण फांद्या घेऊन झाडणाऱ्या पोरांचे चेहरे आणि खड्ड्यात झोप झालेल्या पोरांचे चेहरे मी दोन्ही पाहिलेत, आणि झोप झालेल्या लेयरचा, म्हणजे तोफ नेमणाऱ्याचा, नेमही बरा असतो.

खड्ड्याचे तोटे लपवत नाही. एकदा जागा कळली की मार्गदर्शित गोळा तिथेच येणार, आणि लांब ठेवलेली गाडी येईपर्यंत निघता येत नाही. तापलेली नळी उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्यात उठून दिसते, साध्या जाळीनं ती झाकत नाही. डोंगरात तर खड्डा खणायलाच खडक आडवा येतो. म्हणून एका तोफेला दोन-तीन खड्डे तयार असावेत, आणि हलायचंच झालं तर पावसात, धुक्यात, वारा सुटल्यावर हलावं. समोर ड्रोन कमी आणि तोफा जास्त असतील तर जुनी पद्धतच बरी पडेल, हेही शक्य आहे.

एक गोष्ट मात्र खड्ड्याच्या बाजूनं जाते. गाडीवरच्या तोफेच्या पोटात दारूगोळा आणि डिझेल असतं, तीन किलोच्या स्फोटानंही ती पेटू शकते. ओढायच्या तोफेत पेटायला फारसं काही नसतं. चाक जातं, नेम धरायची साइट फुटते, नळीला भोक पडतं, आणि ती दुरुस्त होऊन परत येते. युक्रेनमध्ये अशा 'एम-777' परत उभ्या राहिल्या आहेत. वर तारेचं कुंपण ताणून ड्रोन अलीकडेच अडवतात, आणि शेजारी लाकडाच्या नकली तोफा मांडून ठेवतात. माणसं जमिनीखाली असतील तर ठोकली गेलेली तोफ म्हणजे वर्कशॉपचं काम. माझ्या मनात हे सगळ्यात वर आहे, कारण तोफेवर सहा-आठ पोरं असतात आणि त्यांच्या आया मला ओळखतात.

पुतण्याला बोलून पटेना, म्हणून जूनमध्ये पहिला पाऊस झाल्यावर बांधावरच्या आंब्याखाली ट्रॉली उभी केली, वर रोपवाटिकेतलं हिरवं शेडनेट टाकलं. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या गावातल्या पोरानं ड्रोन उडवला. पुतण्या स्क्रीनवर बघत होता. ट्रॉली त्याला सापडली नाही, जाळीही पानांत मिसळून गेली होती. मग त्यानं बोट ठेवलं ते रस्त्यापासून आंब्यापर्यंत आलेल्या दोन काळ्या रेघांवर. ते पोरगं ड्रोन घेऊन त्या रेघांवरून सरळ झाडावर आलं.

आठवड्यानं, मधे दोन चांगले पाऊस झाल्यावर, परत उडवला. मला वाटलं होतं पावसानं खुणा धुतल्या असतील. चाकोरीत पाणी साठलं होतं आणि वरून ती आरशाच्या दोन पट्ट्यांसारखी चमकत होती. पुतण्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, "काका, मग आत जायची वाट कुठून धरायची?"

त्या संध्याकाळी आम्ही बांधाबांधानं चालत, आधीच वापरात असलेली जुनी गाडीवाट कुठून झाडांपर्यंत पोचते ते बघत हिंडलो.