डेटन की शँटिली? एका दिवसाची विमानसफर

मुलांना घेऊन लढाऊ विमानं बघायची, तर अमेरिकेत दोन नावं हमखास पुढे येतात: ओहायोत डेटनजवळचं हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय आणि व्हर्जिनियात शँटिली गावी, डलेस विमानतळाशेजारचं उदवार-हेझी केंद्र हे विमानसंग्रहालय. प्रवेश दोन्हीकडे फुकट. डेटनला पार्किंगही फुकट, शँटिलीत दिवसा गाडीचे पैसे मोजावे लागतात.

डेटनचा पसारा अवाढव्य. चार हँगर, साडेतीनशेच्या वर विमानं आणि क्षेपणास्त्रं. नागासाकीवर बॉम्ब टाकणारं 'बॉक्सकार' इथेच आहे, आणि जगात एकच उरलेलं प्रायोगिक बॉम्बर विमान एक्सबी-७० व्हॅल्किरीसुद्धा. मुलांना खरी मजा येते ती चौथ्या हँगरमध्ये. १९६३ मध्ये लिंडन जॉन्सन यांनी ज्या विमानात अध्यक्षपदाची शपथ घेतली, त्यात चक्क आत शिरता येतं. वाट इतकी अरुंद की पाठीवरची सॅक बाहेर ठेवलेली बरी. सुरुवात इथूनच करा. पहिल्या हँगरपासून क्रमाने गेलात तर इथे पोचेपर्यंत धाकट्यांचे पाय बोलू लागतात.

शँटिलीत भर निवडक नगांवर. दारातून आत येताच समोर काळंकभिन्न एसआर-७१ हे टेहळणी विमान. याने १९९० मध्ये लॉस एंजेलिस ते वॉशिंग्टन अंतर १ तास ४ मिनिटांत कापलं! मागे डिस्कव्हरी अंतराळयान, शिवाय हिरोशिमावर बॉम्ब टाकणारं 'एनोला गे' आणि आवाजाहून वेगवान प्रवासी विमान काँकॉर्ड. काचेतून दुरुस्तीचं कामही दिसतं.

लहान मुलं असतील तर मी शँटिली म्हणेन. घरात विमानवेडा असेल तर डेटनच, आणि तेही सकाळी दार उघडताच.